अंजनीवरचा चापडा

लग्न होऊन मी चिंचवडला आले, तेव्हा आमच्या खोलीच्या खिडकीतून नुसता माळ दिसायचा. मधे दोन-तीन बाभळी, त्यांच्या पलीकडे मुंबईकडे जाणारा मोठा रस्ता. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीला कारखाने उभे राहू लागले होते आणि कुठकुठल्या जिल्ह्यांतून माणसं येऊन चाळींत राहत होती. आम्हीही त्यांतलेच.

मी कोकणातली. वडील जंगल खात्यात होते आणि घर अगदी रानाच्या कडेला. ते फिरतीवर निघाले की मी मागे लागायची. चालता चालता ते झाडं ओळखायला लावायचे. चुकलं, की पान चुरगळून माझ्या नाकाशी धरायचे आणि पुन्हा विचारायचे. मी मॅट्रिकला असताना ते गेले. पुण्याच्या मामांनी मला आणलं, स्थळ बघितलं आणि लग्न लावून दिलं.

नवरा स्वभावानं चांगला. सायकलवरून कारखान्यात जायचा, शिफ्ट संपवून यायचा, जेवून झोपायचा. आईपुढे मात्र त्याचा आवाज फुटत नसे. सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून लोकांची दळणं दळून त्यांनी या एका मुलाला वाढवलं होतं. चाळीत कोण कुठला, कोणाच्या घरी कोण येतं-जातं, याचा त्यांना पत्ता लागत नसे आणि त्यामुळे त्यांना सतत भीती वाटायची. बाजाराला किंवा देवळात निघाल्या, की त्या मला आत ठेवून बाहेरून कडी घालायच्या.

पहिल्या वेळी मला वाटलं, चुकून लागली. मी दार वाजवलं. त्या बाहेरूनच म्हणाल्या, “आलेच मी. तू भाकऱ्या करून ठेव.” मग रोजच तसं होऊ लागलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “जाऊ दे गं. तिचा जीव भितो.” माझा जीव काय करतो, हे त्यानं विचारलं नाही. मी खिडकीच्या गजांना धरून माळाकडे बघत बसायची. कधी एखादा सरडा दिसला तर तेवढ्यात दुपार जायची.

मुलाला कायमची नोकरी लागली की सून-मुलाला घेऊन भीमाशंकरचा डोंगर पायी चढेन, असा आत्याबाईंनी नवस बोलला होता. नोकरी कायम झाली. श्रावणात गर्दी फार म्हणून गणपती गेल्यावर निघायचं ठरलं. नवसात सुनेचाही पाय लागायला हवा होता, म्हणून मला नेणं भाग होतं. नाहीतर मी घरातच राहिले असते.

भोसरीपर्यंत टांग्यानं गेलो. तिथून नाशिक रस्त्याची एसटी. चाकण, खेड, मग दुसरी गाडी, आणि शेवटचा टप्पा चिखलातून पायी असं करत संध्याकाळी भोरगिरीला पोचलो. डोंगराच्या पायथ्याचं लहानसं गाव. तिथल्या एका कोळी माणसाच्या पडवीत मुक्काम केला. सकाळी तोच वाट दाखवायला निघाला. उतारवयाचा, अंगानं सडसडीत, डोक्यावर घोंगडीची खोळ. आम्हा दोघी बायकांना त्यानं डोक्यावरून पाठीवर घ्यायची पानांची इरली दिली.

गावाबाहेरचे भाताचे तुकडे संपले आणि रान सुरू झालं. झाडांखाली शिरलो. किती दिवसांनी तो वास येत होता! ओली माती, कुजलेली पानं, बुरशी. खोडाखोडावर शेवाळ चढलेलं. फांद्यांच्या बेचक्यांतून नेच्यांचे झुपके लोंबत होते. वाटेच्या कडेला तेरड्याची गुलाबी फुलं दाटली होती, मधेच रानहळदीचा तुरा. जांभळं, हिरडे, पिसा, अंजनी. मी मनातल्या मनात नावं घेत चालले होते, आणि एखादं झाड ओळखू आलं नाही तर चालता चालता पान तोडून चुरगळून बघत होते.

“हाताला काय लागलंय तुझ्या?” आत्याबाई मागून म्हणाल्या. “दिसेल ते तोडतेस. पुढं बघून चाल.”

वाटाड्या हसला. म्हणाला, “बगू द्या की आई. रानात बगाया न्हाई तर कुटं बगायचं?”

वाट पुन्हा पुन्हा ओढा ओलांडत होती. पाणी घोट्याइतकं, कुठे गुडघ्याइतकं. पाऊस भुरभुरत होता. बरंच चढल्यावर एका ठिकाणी ओढ्याचे दोन फाटे झाले होते आणि मधे एक उंचवटा राहिला होता. आमच्या चाळीच्या दोन खोल्या मावतील एवढा. त्यावर एक मोठं जांभळाचं झाड, एक बुटकी पसरट अंजनी आणि दोन-चार धोंडे. पहिला फाटा आम्ही सगळे मिळून ओलांडला. आत्याबाईंना धाप लागली होती, त्या अंजनीच्या बुंध्याला टेकून बसल्या. दुसरा फाटा जरा खोल होता. वाटाड्या म्हणाला, आधी गाठोडी पलीकडे टाकतो, मग एकेकीला हात धरून नेतो. तो आणि माझा नवरा गाठोडी डोक्यावर घेऊन पाण्यात उतरले.

ते पलीकडे पोचले आणि वरच्या अंगानं आवाज आला. मला वाटलं, वारा सुटला. वाटाड्यानं मान वर केली आणि तो जोरात ओरडला, “हालू नगा! थितंच बसा!” वर डोंगरात कुठेतरी मोठा पाऊस झाला असणार. बघता बघता गढूळ लोंढा आला, त्यात फांद्या, पालापाचोळा, एक अख्खं झुडूप मुळांसकट. दोन्ही फाटे एकदम भरले. ज्या दगडांवरून आम्ही आलो ते नाहीसे झाले.

नवरा पलीकडून काहीतरी ओरडत होता. तोंड हलताना दिसत होतं, शब्द ऐकू येत नव्हते. वाटाड्यानं हातांनी खुणा केल्या. मी जातो, दोर आणतो, माणसं आणतो, तुम्ही जागेवर राहा. मग तो झाडीत दिसेनासा झाला. नवरा काठावर उभा राहिला. त्याला पोहता येत नव्हतं. येत असतं तरी त्या पाण्यात उपयोग नव्हता.

आत्याबाईंनी दोन्ही हात जोडले आणि नामस्मरण सुरू केलं. मला त्यांची कीव आली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मीही घाबरले होते, पण खोटं कशाला सांगू, भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं. पाणी उंचवट्याच्या बरंच खाली होतं, इथे ते चढणार नाही हे काठावरच्या जुन्या झाडांवरून कळत होतं. आणि इथून मला कोणी उठवणार नव्हतं, भाकऱ्या टाक म्हणणार नव्हतं. मी मान वर करून जांभळाकडे बघितलं. उंच शेंड्याजवळ काटक्यांचं गोल घरटं होतं आणि त्याच्या शेजारी तांबूस केसाळ शेपूट लोंबत होती. शेकरू. आमच्याकडचं काळसर असायचं, हे पोटाशी फिकट आणि पाठीवर विटकरी. ते फांदीच्या टोकापर्यंत धावत गेलं, क्षणभर थांबलं आणि ओढ्यावरून सरळ पलीकडच्या झाडावर झेपावलं. खाली एवढं पाणी खवळलेलं, त्याला त्याचं काहीच नव्हतं.

माझ्या तोंडून “अगं बाई!” निघालं. आत्याबाईंनी डोळे उघडले.

“हसतेस तू?”

“हसले नाही हो. ते शेकरू बघा ना, कसं गेलं.”

“माझा लेक तिकडं, आपण इकडं मरायला टेकलोय, आणि तू माकडं बघतेस? तुला आनंद होतोय ना? होतोय. दिसतंय मला.”

त्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं.

तेवढ्यात झाडीतून कोणीतरी शीळ घातली. लांब, सावकाश, सूर चुकत चुकत, रस्त्यानं जाणारा माणूस घालतो तशी. आत्याबाई ताठ झाल्या. “कोण मेला शीळ घालतोय बाया बघून?”

“पक्षी आहे तो आत्याबाई. कस्तूर. ओढ्याकाठीच असतो.”

“पक्षी असं गातो होय?” त्यांचा विश्वास बसला नाही. पदर मात्र त्यांनी नीट घेतला.

मी पक्षी दिसतो का म्हणून अंजनीच्या फांद्यांतून बघायला लागले, आणि तिथेच माझी नजर थिजली. आत्याबाईंच्या कानापासून हातभरावर, त्यांच्या डोक्याशी आलेल्या आडव्या फांदीवर, एक हिरवं वेटोळं होतं. पानांच्याच रंगाचं. त्रिकोणी डोकं, पिवळसर डोळा, डोळ्यात उभी काळी रेघ. चापडा. वडिलांनी असे मला कितीतरी दाखवले होते. झाडावरचा विषारी साप. माणूस सहसा मरत नाही, पण हातपाय सुजून काळानिळा पडतो. आणि आत्याबाईंसारख्या थकलेल्या जिवाचं काय होईल हे मला सांगता आलं नसतं. वडील म्हणायचे, चापडा अंगावर येत नाही, पण तो दिसत नाही म्हणून माणसाचा हात त्याच्यावर पडतो.

आत्याबाई इरलं सावरायला हात वर उचलत होत्या.

“हलू नका,” मी म्हणाले.

“काय?”

“हात आहे तिथं ठेवा. बोलू नका. माझ्याकडे बघा.”

“मला सांगतेस तू? मला—”

“गप्प बसा!”

लग्नानंतर मी त्यांच्याशी या आवाजात कधी बोलले नव्हते. कोणाशीच बोलले नव्हते. त्या बोलायच्या थांबल्या, हात अर्ध्यावर तसाच. मी हळू आवाजात सांगत गेले. हात खाली आणा. सावकाश. आता बसल्या बसल्या माझ्याकडे सरका. डोकं वर करू नका. आणखी. आणखी. त्या लहान मुलासारख्या ऐकत होत्या. माझ्या हाताच्या टप्प्यात आल्या तशी मी त्यांना जवळ ओढलं आणि मग फांदीकडे बोट केलं.

त्यांना आधी काही दिसेना. मग दिसलं. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली.

“मार त्याला,” त्या कुजबुजल्या. “दगड घाल.”

“दगड चुकला तर तो खाली पडेल. मग आपल्याला कळणारही नाही कुठे गेला. आत्ता निदान दिसतोय.”

“म्हणजे बसायचं इथं? त्याच्याबरोबर?”

“हो. तो त्याच्या जागी, आपण आपल्या.”

दुसरी जागाच नव्हती. जांभळाखाली उताराची निसरडी माती, तिथून पाय घसरला तर थेट पाण्यात. बाकी नुसते धोंडे, आणि पाऊस वाढला होता. अंजनीच्या दुसऱ्या अंगाला एका सपाट धोंड्यावर आम्ही दोघी एकमेकींना चिकटून बसलो. फांदी समोर, चार-पाच हातांवर. पलीकडे नवरा इरल्याशिवाय भिजत उभा, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. खाण्याची गाठोडी त्याच्याजवळ.

असा किती वेळ गेला कोण जाणे. पाणी उतरायचं नाव घेईना. आधी आत्याबाई माझ्यावर चिडल्या होत्या. “मारायचं सोडून राखण बसलीस,” असं दोन-तीनदा पुटपुटल्या. मग थकून गप्प झाल्या. मग त्यांना राहवेना.

“काय करतोय तो?”

“काही नाही.”

“झोपलाय?”

“नाही. वाट बघतोय. बेडूक नाहीतर पाल जवळून जाईल म्हणून.”

“आणि नाही गेली तर?”

“उद्या जाईल. एका फांदीवर दोन-दोन दिवस बसतो.”

त्या बराच वेळ बघत राहिल्या. पावसाचे थेंब त्याच्या वेटोळ्यांवर साचत होते. सापानं डोकं जरासं कलतं केलं आणि स्वतःच्याच अंगावरचं पाणी हळूहळू टिपायला सुरुवात केली. मी हे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

“पाणी पितोय गं,” आत्याबाई म्हणाल्या. “तहान लागली त्याला.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “मलाही लागलीय.”

मी धोंड्याच्या फटीतल्या रानहळदीचं रुंद पान तोडलं, इरल्यावरून गळणारं पाणी त्यात धरलं आणि त्यांना पाजलं. मग मीही प्यायले.

पान माझ्या हातातून घेत त्या अचानक म्हणाल्या, “इतका वेळ एका जागी बसून जीव उबगत नसेल त्याचा?”

मला ते बोलायचं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं. “त्याचं माहीत नाही. माझा उबगतो.”

त्यांना लगेच कळलं मी कशाबद्दल बोलतेय. चेहरा आवळला गेला.

“कडी का लावता तुम्ही, आत्याबाई?”

“माझ्या मागं काही झालं तर लेकाला काय तोंड दाखवू?”

“काय होणार आहे?”

“मला काय माहीत काय होणार,” त्या म्हणाल्या. “माहीत असतं तर लावली असती का?”

माझ्या खांद्याला टेकलेलं अंग मात्र त्यांनी काढून घेतलं नाही. थंडीनं त्या कापत होत्या. मी माझं इरलं त्यांच्यावर आडवं धरलं आणि त्यांना झाडं दाखवत राहिले, कारण गप्प बसलं की पाण्याचा आवाज फार मोठा होत होता. तो पिसा, त्याच्या कोवळ्या पानांचे झुपके खाली लोंबतात. ते फांदीवरचं मडक्यासारखं काळं दिसतंय ते मुंग्यांचं घर. ती आमरी, झाडावर राहते, पण झाडाचं काही घेत नाही. त्या नुसत्या “हं” म्हणायच्या. एकदा मात्र त्यांनी आपणहून बोट दाखवलं. “तो बघ, लाल खेकडा. पाणी चढलं म्हणून वर आलाय बिचारा.” खेकडा आमच्याच धोंड्याच्या कडेला नांगी पोटाशी घेऊन बसला होता.

उजेड मंदावायला लागला तेव्हा पलीकडे माणसं दिसली. वाटाड्यानं वरच्या वाडीवरून चार जण आणले होते. पाणी थोडं उतरलं होतं. त्यांनी दोर एका झाडाला बांधला, एक जण कमरेला दुसरं टोक बांधून छातीभर पाण्यातून आमच्याकडे आला आणि ते टोक जांभळाला बांधायला निघाला.

“दादा, अंजनीकडे जाऊ नका,” मी ओरडले. “चापडा आहे.”

त्यानं बघितलं आणि कमरेचा कोयता काढला. “व्हय की. हिरवा हाय. थांबा, तोडतो.”

“राहू द्या,” आत्याबाई म्हणाल्या.

तो थांबला. मीही वळून बघितलं.

“दिवसभर आहे तो तिथं. काही केलं नाही त्यानं. आपण जाऊ.”

माणसानं खांदे उडवले आणि कोयता परत खोचला. त्यानं आत्याबाईंना आधी नेलं. मधे त्यांचा पाय सुटला, एक क्षण नुसतं डोकं दिसलं, आणि पलीकडून माझ्या नवऱ्यानं अशी किंकाळी फोडली की ती मला अजून ऐकू येते. पण माणसानं त्यांना सोडलं नाही. मग मी गेले. पाणी बर्फासारखं गार होतं आणि पायांखाली दगड गडगडत होते. पलीकडे पोचल्यावर नवऱ्यानं आम्हा दोघींना एकदमच धरलं आणि तो रडायला लागला. वाटाड्या बाजूला तोंड करून उभा राहिला.

रात्र वाडीवर काढली, सकाळी वर जाऊन नवस फेडला. परतताना आम्ही ओढ्याची वाट सोडून लांबची धरली.

घरी आल्यावर मला वाटलं होतं, काहीतरी बदलेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई पिशवी घेऊन बाजाराला निघाल्या आणि बाहेरून कडी वाजली. मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. ती जळली तेव्हा भानावर आले. त्या दिवशी मला जितकं कोंडल्यासारखं झालं तितकं ओढ्यातल्या त्या उंचवट्यावर एकदाही झालं नव्हतं.

त्या मात्र चाळीत सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या, आमच्या सुनेला सापांचं कळतं. तिनं मला वाचवलं हे त्या कधी म्हणाल्या नाहीत. फक्त एवढंच, सापांचं कळतं.

आमच्यामागे रस्त्याच्या बाजूला एका मुसलमान मेकॅनिकचं घर होतं. तो लॉऱ्या दुरुस्त करायचा, अंगणात जुन्या टायरांचे ढीग. दिवाळीनंतर एका दुपारी त्याची बायको आमच्या दारात ओरडायला लागली, “वहिनी, चला हो, टायरमधे साप हाय!” मी आतून म्हणाले, “भाभी, बाहेरून कडी आहे.” मग खाड्कन कडी निघाली.

टायरात धामण होती. बिनविषारी, पण माणसाहून लांब. मी सगळ्यांना मागे सरायला लावलं, एक टायर काठीनं कलता केला आणि तिला माळाची बाजू मोकळी करून दिली. ती सरसरत निघून गेली. इतक्यात आत्याबाई आल्या. घर उघडं बघून धावतच आल्या असाव्यात, पदर खांद्यावरून ओघळलेला. मी मनात म्हटलं, आता सगळ्यांसमोर ऐकावं लागणार.

“कुठला होता?” त्यांनी विचारलं.

“धामण.”

“मग काही नाही,” त्या जमलेल्या बायकांना म्हणाल्या. “धामण काही करत नाही.” भाभीनं चहा पुढे केला. आत्याबाई दुसऱ्यांच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. त्यांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टायरावर बसून चहा प्यायल्या.

कडी घालणं बंद झालं नाही. पण त्या दिवशी निघताना त्या भाभीला म्हणाल्या, “साप निघाला तर काढत जा कडी. नाहीतर नको.”

त्यानंतर भाभीच्या अंगणात फार साप निघायला लागले. आठवड्याला एक तरी. आम्ही दोघी मागच्या वाटेनं पवनेवर जायचो. काठावरच्या करंजांत सुगरणीची घरटी होती, पाण्यावर खंड्या एका जागी पंख फडफडवत थांबायचा आणि दगडासारखा खाली पडायचा. भाभीला नावं पाठ झाली. तिनंही मला एक झाड शिकवलं, निरगुडी, तिच्या आईच्या गुडघ्यांना लागायची म्हणून.

एकदा यायला उशीर झाला. आत्याबाई घरी आल्या होत्या, ताटं मांडत होत्या.

“आज कुठला होता?”

“दिवड,” मी म्हणाले.

“दिवड म्हणजे पाण्यातला ना?”

“हो.”

त्यांनी माझ्या लुगड्याच्या ओल्या काठाकडे बघितलं. चिखल लागलेला होता, आणि कुसळं. त्यांनी माझ्या ताटात भात वाढला, त्यावर आमटी घातली, आणि म्हणाल्या, “जेव. गार होतंय.”